टाकला की सुटला

नैनाचा हात ताठ मागे गेला आणि प्रल्हादला वाटलं, ही चुकली. पाठोपाठ त्याला वाटलं की हे आपल्याला वाटायला नको होतं. पण तोवर ते वाटून झालं होतं, आणि ॲल्युमिनियमच्या बाकाचा गारठा पँटमधून वर चढावा तसं ते हळूहळू सगळ्या अंगात पसरत होतं. समोर अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर पांढऱ्या शर्टांचा संघ एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होता. निळ्या शर्टांचे, म्हणजे इथलेच, गावचे लोक हेल्मेट हातात घेऊन पंचांकडे धावले होते. आणि मैदानाच्या पलीकडच्या कडेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टातली त्याची मुलगी तो हात तसाच मागे धरून उभी होती. वारा सुटला होता. तिच्या टोपीखालून वेणीचं टोक उडत होतं. प्रल्हादच्या पुढच्या बाकावरचा जाडजूड माणूस उठून ओरडत होता, की बाई, तू आंधळी आहेस का? मग तो म्हणाला, जिथून आलीस तिथं परत जा. ती जिथून आली ते हॉस्पिटल इथून पंधरा मिनिटांवर आहे, असं प्रल्हादच्या मनात आलं. तिथल्या तिसऱ्या मजल्यावर जन्मली ती, एका बर्फाच्या सकाळी. हे सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात तो माणूस मागे वळला आणि अगदी घरच्या माणसाला विचारावं तसं त्याला म्हणाला, "यू सॉ इट, राइट? त्याच्या हातून सुटला तो. तू पाहिलंस ना?" आणि प्रल्हाद म्हणाला, "येस."

तो येस त्याच्या तोंडून कसा गेला ते त्याला कळलं नाही. माणूस समाधानानं पुन्हा मैदानाकडे वळला. प्रल्हादनं हातातल्या फोनकडे पाहिलं. फोन अजून शूट करत होता. शेवटचा खेळ सुरू झाला तेव्हा त्यानं तो पलीकडच्या कडेवर रोखला होता. खेळासाठी नाही, नैनासाठी. फायनलला लाइन जज, म्हणजे कडेचा पंच, म्हणून उभं राहायची तिची ही पहिलीच वेळ होती, आणि बायकोला, लताला, पाठवायला एखादी क्लिप असावी एवढाच त्याचा हेतू. मग पांढऱ्यांचा तो उंच गडी चेंडू घेऊन नेमका नैनाच्या बाजूनं पळत सुटला. घड्याळातली वेळ संपत आलेली. निळे चार गुणांनी पुढे. त्याला तिथं नुसतं पाडलं तरी सामना निळ्यांचा. दोघांनी त्याला धरलं, तो अर्धा वळला, त्याची पाठ प्रल्हादकडे झाली, आणि चेंडू त्याच्या कमरेपासून मागे उडाला. जमिनीवर एक टप्पा खाल्ला, आणि मागून येणाऱ्या पांढऱ्यांच्याच दुसऱ्या एकानं तो उचलून गोलरेषेपार नेला. तोवर घड्याळ शून्यावर आलं होतं. आता सगळा प्रश्न एवढाच होता, की त्या पहिल्यानं चेंडू मागे टाकला, की त्याच्या हातून सुटला. ही हौशी मंडळींची लीग. दिवसा कुणी गोदामात, कुणी गराजमध्ये, कुणी शाळेत शिकवायला. पण नियम मात्र व्यावसायिक सामन्यांचे. त्या नियमात शेवटच्या दोन मिनिटांत हातून सुटलेला चेंडू ज्याच्या हातून सुटला त्यालाच उचलून पुढे नेता येतो. त्याच्या जोडीदारानं उचलला तर खेळ तिथल्या तिथं थांबतो. मागे टाकलेला चेंडू मात्र जिवंत. तो कुणीही उचलावा, केव्हाही, आणि पळावं. सुटला असेल तर निळे जिंकले. टाकला असेल तर पांढरे. आणि सगळ्यांत जवळ उभ्या असलेल्या नैनानं हात मागे करून सांगितलं होतं: टाकला.

प्रल्हादला हा नियम पाठ होता. गाड्यांच्या गिअरबॉक्सवर तीस-बत्तीस वर्षं घालवलेल्या माणसाला नियम वाचायला अवघड जात नाहीत. खेळ मात्र त्याला कधी आवडला नव्हता. नैना पहिल्यांदा त्या पट्ट्यांच्या शर्टात घरी आली तेव्हा त्याला तो एखाद्या नाटकातला पोशाख वाटला होता. जवळच्या ट्रॉय गावातल्या हॉस्पिटलात लोकांचे गुडघे आणि खांदे चालते करणारी ही मुलगी शनिवार-रविवार असल्या धिप्पाड माणसांमध्ये जाऊन शिट्टी का वाजवते, ते त्याला समजेना. मग लता नोकरीसाठी सिॲटलजवळच्या रेडमंडला गेली, घरात बोलायचे विषय संपले, आणि नैना आठवड्यातून एकदा जेवायला यायची तेव्हा वरणभातावर लिंबू पिळता पिळता काय बोलावं हा प्रश्न पडू लागला. म्हणून त्यानं नियम वाचायला घेतले. त्याला ते अनपेक्षितपणे आवडले. सुटलेल्या चेंडूचा तो नियम का आला, ते वाचून तर तो एकटाच हसला होता. कुणीतरी पूर्वी चेंडू सुटल्याचं सोंग करून तो ढकलत ढकलत पुढे नेला होता म्हणे. म्हणजे एका लबाडीमुळे पुढच्या सगळ्या प्रामाणिक माणसांचे हात बांधले गेले. हे त्यानं नैनाला सांगितलं तेव्हा ती चमचा खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिली होती. "बाबा, यू रेड द होल थिंग?" त्या दिवशी ती नेहमीपेक्षा उशिरापर्यंत थांबली. तेव्हापासून त्यांचं बोलणं नियमांमधून होऊ लागलं. तिला काय आवडतं, कोण आवडतं, एवढ्या मोठ्या अपार्टमेंटमध्ये ती एकटी का राहते, यातलं काही त्याला माहीत नव्हतं. पण चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, हातातून निसटलेल्या चेंडूचं काय होतं यावर ते दोघं तासभर बोलू शकत.

खाली पंच एकत्र जमले होते. मुख्य पंच म्हणजे पांढऱ्या टोपीवाला एक पोक्त गृहस्थ. तो नैनाच्या तोंडाजवळ कान नेऊन ऐकत होता. त्या घोळक्यात नैना लहानखुरी दिसत होती. प्रल्हादला वाटलं, तिनं आता सांगावं की मला नीट दिसलं नाही. तेवढं पुरे होतं. मग वाटलं, नको, सांगू नये. अमरावतीला शाळेच्या मागच्या मैदानावर कबड्डी चालायची तेव्हा असंच व्हायचं. चढाईला गेलेला मधल्या रेषेपर्यंत लोळत यायचा, बोट रेषेला लागायचं, आणि मग दोन्हीकडून आरडाओरडा, की दम आधी गेला की बोट आधी लागलं? प्रल्हाद तेव्हा रेषेवर उभा असायचा, कारण त्याला खेळात कुणी घेत नसे. सगळे त्याला विचारत. आणि त्याला खरंच ऐकू आलेलं नसायचं. इतक्या गलक्यात एका माणसाचा श्वास कसा ऐकू येणार? तो म्हणायचा, पुन्हा खेळा. पुन्हा खेळा, असं म्हणून त्यानं पुष्कळ वर्षं काढली. लोक त्याला समजूतदार म्हणू लागले. इथं मात्र पुन्हा खेळा असं कुणी म्हणत नव्हतं. पांढऱ्या टोपीवाला घोळक्यातून बाहेर आला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. पांढरे जिंकले. पुढच्या बाकावरच्या माणसानं कॉफीचा कागदी कप मैदानाच्या दिशेनं भिरकावला. तो कुंपणापर्यंतही पोचला नाही.

पार्किंग लॉटमध्ये नैनाची वाट पाहत तो गाडीला टेकून उभा राहिला. पंचांना मागच्या दारानं सोडतात, आणि वेळ लागतो, हे त्याला ठाऊक होतं. शेजारच्या गाडीच्या उघड्या डिकीत एक उंच माणूस पाय खाली सोडून बसला होता आणि बर्फाची पिशवी मनगटावर धरून होता. अंगातला पांढरा शर्ट चिखलानं भरलेला. तो तोच गडी होता, हे प्रल्हादच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. हेल्मेट काढल्यावर हे लोक एकदम साधे दिसतात. हा तर थोडासा टकलासुद्धा होता. प्रल्हादनं मान हलवली. त्यानंही हलवली. आपण काही विचारू नये, असं प्रल्हादनं ठरवलं आणि पुढच्याच क्षणी विचारलं. इंग्रजीत विचारलं, जरा जास्तच अदबीनं, की तुमची हरकत नसेल तर सांगाल का, तो चेंडू तुम्ही टाकला होता का?

माणूस हसला. "तुम्ही कोणत्या बाजूचे?"

"कुणाच्याच नाही. म्हणजे... लाइन जज माझी मुलगी आहे."

त्याचं हसू गेलं. त्यानं बर्फाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. आपलं नाव ड्वेन, असं त्यानं सांगितलं. नंतर हळू म्हणाला, "खरं सांगू सर? मला माहीत नाही. मागे आमचा ओजे आहे हे मला ठाऊक होतं. त्याला द्यायचाच होता मला. मी मान वळवून पाहिलं. मग कुणीतरी मला धडकलं, आणि चेंडू नव्हता. देण्याआधी गेला की देताना गेला..." त्यानं रिकामा पंजा उघडून पाहिला, जणू तिथं अजून काही असेल. "आता लॉकर रूममध्ये सगळे म्हणतायत, काय पास दिलास. दहा जणांनी तरी सांगितलं असेल. आता मला टाकल्याचं आठवायलासुद्धा लागलंय."

"पण त्या वेळी?"

"त्या वेळी मी पडत होतो," ड्वेन म्हणाला. "तुमच्या मुलीला सांगा, ती घाबरली नाही. बाकीचे पंच आधी एकमेकांची तोंडं बघतात."

नैना आली तेव्हा ड्वेनची गाडी निघून गेली होती. तिनं बॅग मागच्या सीटवर टाकली, बसली, बेल्ट लावला आणि डोळे मिटले. प्रल्हादनं गाडी काढली. ग्रँड रिव्हर रस्त्यावर नेहमीसारखी गर्दी. मॉलच्या बाजूला एवढ्यातच ख्रिसमसचे दिवे लावायला सुरुवात झाली होती, आणि दिवसाउजेडी ते विझलेले दिवे झाडांना अडकलेल्या दोरखंडांसारखे दिसत होते. ड्वेनचं तिला सांगावं का? काय सांगायचं? ज्यानं केलं त्यालाच माहीत नाही, हे? ते तिच्या बाजूचं होतं की विरुद्ध, हेच त्याला ठरवता येईना. एकदा वाटे, हे ऐकून तिला बरं वाटेल. मग वाटे, हे तिला आतून पोखरत राहील. सिग्नलला थांबल्यावर नैनाच बोलली, डोळे न उघडता.

"तू शूट करत होतास ना?"

"हो. तुझ्या आईला पाठवायला."

"मला पाठव. सुपरवायझरनं मागितलंय. दोन्ही टीम्सनी कम्प्लेंट केलीय."

"दोन्ही? पांढरे तर जिंकले."

"कुणीतरी मला काहीतरी बोललं म्हणून त्यांनी केली." तिनं डोळे उघडले. "काय बोललं ते मी ऐकलं नाही. तू ऐकलंस?"

"नाही," प्रल्हाद म्हणाला. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा कुठे त्यानं पाय ब्रेकवरून काढला.

थोडं पुढे गेल्यावर तिनं विचारलं, "तुला काय वाटलं?"

हा प्रश्न येणार हे त्याला कळलं होतं, आणि तरी तो तयार नव्हता. बापानं काय म्हणायचं असतं? लता असती तर म्हणाली असती, तू बरोबरच होतीस, आणि घरी जाऊन चहा टाकला असता. पण नैनाशी त्याचं जे काही होतं ते नियमांच्या पायावर होतं. तिथं खोटं बोललं तर उरायचं काय? "मला वाटलं सुटला," तो म्हणाला.

ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती खिडकीकडे वळून बसली. मग म्हणाली, "तुझ्या बाजूनं त्याची पाठ दिसत होती, बाबा. तुला हात दिसलाच नसणार."

"नाही दिसला."

"मग?"

"चेंडू बाहेर आला तो... सैल आला. टाकलेला चेंडू असा येत नाही."

"मला त्याचा चेहरा दिसला. ही लुक्ड बॅक. त्यानं आधी मागे पाहिलं." मग अचानक मराठीतून, लहानपणी शाळेतून आल्यावर बोलायची तशी, शब्द जुळवत जुळवत म्हणाली, "पण हात मला पण नाही दिसला. मध्ये दुसरा माणूस आला. मला फक्त डोळे दिसले."

"म्हणजे तुला खात्री नव्हती?"

"नव्हती."

"मग हात कसा केलास?"

"करावा लागतो, बाबा. तिथं उभं राहून आय डोन्ट नो असा सिग्नल नाहीये."

त्याला हे पटलं नाही. पटलं नाही म्हणण्यापेक्षा ते त्याच्या कुठल्याच खणात बसेना. त्याच्या कामात खात्री नसेल तर पुन्हा चाचणी घेत. भाग परत यंत्रावर लावत, पुन्हा फिरवत, मोजत. खात्री नसताना एखाद्या माणसानं हात उचलावा, आणि त्या हातानं एवढ्या लोकांची संध्याकाळ बदलावी, याला काय म्हणायचं? आणि तरीही आपल्याशेजारी बसलेली ही मुलगी खोटी वाटत नव्हती. उलट असं वाटत होतं की एवढी वर्षं आपण जिला ओळखतो ती ही नव्हे, ही कुणीतरी जास्त मोठी बाई आहे, आणि आपण तिला लिफ्ट दिलीय.

रविवारी तो दिवसभर ती क्लिप बघत राहिला. नैनाला पाठवून झाली होती. आता बघून उपयोग नव्हता, तरी बघत राहिला. फोनवर, मग लॅपटॉपवर, मग हॉलमधल्या मोठ्या टीव्हीला जोडून. मोठं केलं की चेंडू म्हणजे नुसते तपकिरी चौकोन. एकेक चित्र थांबवून पाहिलं तर एका चित्रात चेंडू त्याच्या अंगाआड असे आणि पुढच्यात बाहेर, आणि या दोहोंच्या मध्ये जे घडलं ते कॅमेऱ्यानं टिपलेलंच नव्हतं. सकाळी त्याला स्वच्छ दिसलं की सुटलाय. दुपारी भात कुकरला लावून पुन्हा पाहिलं तर खांद्याची एक हालचाल दिसली, फेकणाऱ्याची असते तशी. कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि त्या मोजायचं राहून गेलं. घर भलतंच शांत होतं. टीव्हीवर पांढऱ्या शर्टातला माणूस पडायच्या बेतात तसाच थांबला होता, आणि त्याच्याकडे बघता बघता प्रल्हादला लताच्या जाण्याचा दिवस आठवला. त्यात आठवण्यासारखं काही नव्हतं, हीच पंचाईत. तिला रेडमंडच्या कंपनीतून बोलावणं आलं होतं. वर्षभराचं काम आहे, म्हणाली होती. तो म्हणाला, बघ, तुला योग्य वाटेल तसं. भांडण नाही, रडणं नाही. विमानतळावर तिनं त्याला कढीपत्त्याच्या झाडाला पाणी घालायची आठवण केली. वर्षाचं दीड झालं, मग कामच तिकडचं झालं. तो आधी दर महिन्याला जायचा, मग सणावारी, मग एकदा तिकिटं महाग होती आणि एकदा त्याची पाठ दुखत होती. मंडळाच्या गणपतीत लोक विचारत, लताकाकू कुठेत, आणि तो म्हणे, तिकडे पाऊस फार आहे. लोक हसत. हे उत्तर आपण का देतो ते त्यालाही ठाऊक नव्हतं. एकदा नैनानं जेवताना विचारलं होतं, आर यू गाइज सेपरेटेड? आणि त्यानं मनापासून सांगितलं होतं, मला कल्पना नाही. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून येताना नैनाचा फोन आला. सुपरवायझरनं कळवलं होतं. क्लिप सगळ्यांनी पाहिली, आणखी दोन अँगल मिळाले तेही पाहिले. काही ठरत नाही. निर्णय कायम.

"म्हणजे तू बरोबर," प्रल्हाद म्हणाला. त्याला एकदम हलकं वाटलं.

"नाही. ते म्हणाले, मी फंबल, म्हणजे सुटला, म्हटलं असतं तरी त्यांनी मला सपोर्ट केलं असतं."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"असं कसं? चेंडू एक होता. दोन्ही कसं बरोबर असेल?"

"बरोबर नाही म्हणाले, बाबा. सपोर्टेबल म्हणाले." ती आता हसत होती. "आणि त्यांनी मला स्प्रिंगमध्ये कॉलेज सामन्यांच्या पंचांच्या कॅम्पला बोलावलंय. बिकॉज आय सोल्ड इट, म्हणे. मी हात डगमगू दिला नाही म्हणून."

त्यानं अभिनंदन केलं. मग म्हणाला, "त्या दिवशी मी ऐकलं होतं. लोक तुला काय बोलले ते. मी नाही म्हणालो, पण ऐकलं होतं. आणि पुढच्या माणसानं मला विचारलं तेव्हा मी त्याला हो म्हणालो. चेंडूबद्दल."

पलीकडे गाडीच्या इंडिकेटरची टकटक ऐकू येत होती. "आय नो यू हर्ड इट," नैना म्हणाली. "तू ब्रेकवर पाय ठेवून बसलास ना." मग म्हणाली, "हो म्हणालास? त्याला?"

"हो."

"ओके," ती म्हणाली. त्या ओकेमध्ये काय होतं ते त्याला उमगलं नाही. राग असावा. क्षमा असावी. कदाचित ती फक्त लेन बदलत असावी. "चल, मी पोचले. आईला सांग कॅम्पचं. मी सांगितलंय, पण तू सांग."

घरी आल्यावर त्यानं बूट काढले नाहीत. स्वयंपाकघरात उभं राहूनच लताला फोन लावला. तिकडे अजून दुपार असणार. ती मीटिंगमध्ये असेल, उचलणार नाही, असं तो स्वतःला सांगत होता, तोच तिनं उचलला.

"काय रे? सगळं ठीक?"

"नैनाला कॅम्पला बोलावलंय."

"सांगितलं तिनं. म्हणाली, बाबाला वाटतं मी चुकले."

"मी असं नाही म्हटलं. मी म्हटलं..." लताच्या मागे कुणीतरी हसत होतं, दार लागल्याचा आवाज आला आणि हसणं तुटलं. ती कुठल्यातरी रिकाम्या खोलीत गेली असावी. आता हवामानाचं बोलायचं, मग पाठीचं, मग ठेवतो म्हणायचं. प्रल्हादनं ओट्याची कड घट्ट धरली.

"लता, तू परत येणार आहेस का?"

त्यानं फोन कानापासून काढून पाहिला, चालू आहे की नाही.

"हे तू विचारतोयस?" ती म्हणाली.

"हो."

"मी इथे जागा घेतलीय, प्रल्हाद. गेल्या आठवड्यात सही केली. सांगणार होते. रोज ठरवत होते, आज सांगू."

त्याला धक्का बसायला हवा होता. बसला का, ते तो तपासून पाहत राहिला. काहीतरी हातून गेलं होतं हे खरं. पण त्याबरोबर एक विचित्र मोकळेपणाही आला होता, आणि या दोहोंत त्याला निवड करता येत नव्हती. "कशी आहे?" त्यानं विचारलं.

"लहान आहे. दुसरा मजला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक उंच झाड दिसतं, बाकी काही नाही. डायनिंग टेबल मावत नाही." मग ती म्हणाली, "तू विचारलं असतंस ना, एकदा तरी, तर मी..." तिनं वाक्य सोडून दिलं.

"तर काय केलं असतंस?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही रे. मीसुद्धा कुठे विचारलं तुला?"

"मी येऊ का?" प्रल्हाद म्हणाला.

"जागा बघायला की राहायला?"

"ते मला सांगता येत नाही."

लता हसली किंवा तिनं नाक ओढलं. फोनवर दोन्ही सारखंच ऐकू आलं. "मग तिकीट काढ," ती म्हणाली. "एकेरी काढायचं की परतीचं, ते तुझं तू ठरव. मला विचारू नकोस. या वेळी मला विचारू नकोस."

फोन ठेवल्यावर तो बूट घालूनच टेबलाशी बसला आणि लॅपटॉप उघडला. डेट्रॉईट, सिॲटल. वरच्या कोपऱ्यात दोन गोल होते, परतीचं आणि एकेरी, आणि त्यांतल्या एकावर टिचकी मारल्याशिवाय पान पुढे जात नव्हतं. बाहेर शेजारचा माणूस यंत्रानं पानं उडवत होता. ते घरघर करणारं यंत्र जवळ आलं, लांब गेलं, पुन्हा जवळ आलं. प्रल्हादला कसलाही कौल मिळाला नाही. आतून काही आवाज आला नाही. घर विकायचं की ठेवायचं, अजून दोन वर्षं नोकरी आहे तिचं काय, तिथं गेल्यावर लता दार उघडताना कशी दिसेल, आपण आत बॅग कुठे ठेवू, यातलं काही त्याला दिसत नव्हतं. त्याला पाठीत थोडी कळ तेवढी जाणवली. मग त्यानं एकेरीवर टिचकी मारली.

गुरुवारी विमानतळावर सोडायला नैना आली. दारातच थांबून तिनं त्याच्या पायाशी ठेवलेल्या वस्तूकडे पाहिलं. ती त्याची ऑफिसच्या दोन दिवसांच्या दौऱ्याला न्यायची छोटी बॅग होती.

"बाबा, वन-वे तिकीट," ती म्हणाली. "आणि एवढीच बॅग?"

प्रल्हादनं बॅगेकडे पाहिलं. काल ती भरताना त्याच्या हे लक्षातच आलं नव्हतं. तळघरात मोठी सूटकेस होती, रिकामी. ती आणायला अजून वेळ होता. तो तसाच उभा राहिला.

"चल," तो म्हणाला, आणि बॅग उचलून गाडीकडे चालू लागला.